मुका पडदा, खरखरती तार

घरात गिटार येते ती बहुधा वाढदिवसाला किंवा दहावीच्या निकालानंतर. पहिले काही आठवडे घरभर तिचाच आवाज असतो. मग ती पिशवीत जाते, पिशवी कपाटावर जाते आणि पिशवीवर धूळ साचू लागते. आईवडील म्हणतात, हौस फिटली. शिकवणारे सर म्हणतात, रियाज नाही. मुलाला मात्र आतून वाटत असते की आपल्या बोटांतच संगीत नाही. हे तिसरे निदान सर्वांत वाईट, कारण बाराव्या-तेराव्या वर्षी मनाशी एकदा असे ठरले, की पुष्कळ माणसे पुन्हा कुठल्याच वाद्याला हात लावत नाहीत.

या तिन्ही निदानांच्या आधी एक शक्यता तपासून पाहायला हवी. वाद्यच आजारी असेल तर?

गिटारीचे दोन आजार नेहमीचे. पहिला, तार छेडली की स्वराबरोबर खरखर ऐकू येते. दुसरा, एखाद्या ठिकाणी बोट दाबले की स्वर निघतच नाही, नुसता ‘टक्’ असा आवाज येतो. किंवा बोट पाचव्या फ्रेटवर आणि स्वर सहाव्याचा, असा प्रकार होतो. सतारीवर ज्यांना आपण पडदे म्हणतो, तेच गिटारीवर फ्रेट. फरक इतकाच, की सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात आणि सरकवता येतात; गिटारीचे फ्रेट दांडीतल्या खाचांत ठोकून कायमचे बसवलेले असतात.

त्यांच्या जागाही हिशेबाने ठरलेल्या असतात. शास्त्रज्ञ गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिली हे ल्यूटवादक होते. त्यांनी 1581 साली 18:17 हे प्रमाण सुचवले: उरलेल्या तारेच्या लांबीचा अठरावा भाग सोडून पुढचा फ्रेट बसवायचा. आज तिथे 18 ऐवजी 17.817 हा आकडा वापरतात. तारेची लांबी 650 मिलिमीटर असेल तर पहिला फ्रेट सुमारे साडेछत्तीस मिलिमीटरवर येतो आणि बारावा बरोबर मध्यावर. पण गणित कितीही चोख असले, तरी फ्रेटची उंची शेवटी लाकूड, हवा आणि कारागिराचा हात यांवर अवलंबून असते.

खरखर कुठे होते?

माझे आयुष्य बँकेत गेले. संगणक येण्यापूर्वी खातेवह्यांचा ताळा जमला नाही, की जुने हेडक्लार्क आधी फरकाची रक्कम पाहायचे. तिला नऊने पूर्ण भाग जात असेल, तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झाली असण्याचा संभव मोठा. 54 च्या जागी 45 लिहिले गेले असणार. चूक आपला पत्ता स्वतःच सांगते, असा त्यांचा विश्वास होता. गिटारीची खरखरही तशीच पत्ता सांगते.

मोकळी तारच खरखरते आणि कुठेही बोट दाबताच आवाज स्वच्छ होतो? मग दोष डोक्याजवळच्या खाचांच्या पट्टीत, म्हणजे नटमध्ये आहे. तिथली खाच झिजून खोल गेली आहे. सुरुवातीच्या चार-पाच फ्रेटवरच खरखर होते? मग दांडी बहुधा गरजेपेक्षा सरळ झाली आहे किंवा मागे वाकली आहे. खरखर पुढच्या फ्रेटवर होत असेल, तर घोडीवरची पट्टी फार खाली गेली असावी. एकाच जागी होत असेल, तर त्याच्या पुढचा फ्रेट उचलला गेला आहे, किंवा तो स्वतःच झिजला आहे.

यांतले काहीच नसेल, तर खुंट्यांचे स्क्रू ढिले आहेत का ते पाहावे. तारा किती जुन्या आहेत, हेही पाहावे. आणि हो, बोट फ्रेटच्या लगेच मागे पडते की दोन फ्रेटच्या मधोमध, हेही जरूर पाहावे. मधोमध दाबलेली तार चांगल्या गिटारीवरसुद्धा खरखरते.

तार हीच फूटपट्टी

दांडी तपासायला दुकानातून काही आणावे लागत नाही. ताणलेली तार सरळच असते. ती एका हाताने पहिल्या फ्रेटवर आणि दुसऱ्या हाताने दांडी जिथे पेटीला मिळते तिथे दाबावी आणि सातव्या फ्रेटवर किती फट राहते ते पाहावे. तिथे पाव मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी फट हवी. थरथरणारी तार मध्यभागी फुगते. तिला तेवढी जागा लागते.

पोलादी तारांच्या गिटारीवर सहा तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या आसपास असतो. हा ताण पेलण्यासाठी बऱ्याच गिटारींच्या दांडीत लोखंडी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. गिब्सन कंपनीला अशा फिरवता येणाऱ्या सळईचे पेटंट 1923 साली मिळाले. फट अजिबात नसेल तर सळई किंचित सैल करावी, फार असेल तर किंचित आवळावी. एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही, आणि जोर लावावा लागला तर तिथेच थांबावे. नायलॉनच्या तारांच्या बऱ्याच गिटारींत ही सळई नसतेच.

उंच फ्रेट शोधायला मुदत संपलेले एटीएम कार्ड पुरते. त्याची सरळ कड तारांना समांतर, एका वेळी तीनच फ्रेटवर टेकेल अशी उभी धरावी. कार्ड डुगडुगले, तर मधला फ्रेट उंच आहे. तो खाचेतून वर आला असेल, तर लाकडाचा ठोकळा ठेवून हलके ठोकल्यावर खाली बसतो. तरीही उंच राहिला, तरच कानस. कानशीने घासलेला फ्रेट पुन्हा वाढत नाही, म्हणून हे काम जाणत्या कारागिराकडे द्यावे. नटची खोल गेलेली खाच मात्र खायचा सोडा आणि झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा थेंब यांनी भरून, कोरून तात्पुरती दुरुस्त करता येते.

हवेचा हिशेबही ठेवायला हवा. पावसाळ्यात कोकणात लाकूड फुगते, पेटीचा वरचा तक्ता उचलला जातो आणि तारा उंच होऊन बोटांना टोचतात. मे महिन्यात पुण्या-नागपूरच्या कोरड्या हवेत तेच लाकूड आकसते, तारा खाली येतात आणि खरखर सुरू होते. फ्रेटची टोके दांडीच्या कडेला हाताला लागू लागली, तर वाद्याला तहान लागली आहे असे समजावे.

मिरजेची खरखर

गंमत अशी, की जी खरखर गिटारीवरून घालवायला एवढा खटाटोप, तीच तानपुऱ्यात आणायला मिरजेच्या कारागिराला तासन्‌तास घालवावे लागतात. तिला आपण जवारी म्हणतो. घोडीचा माथा इतका बारीक उतार देऊन घासायचा, की थरथरणारी तार त्याला पुन्हा पुन्हा टेकत राहील. मग तारेखाली सुताचा धागा सरकवून नेमकी जागा शोधायची. सी. व्ही. रामन यांनी 1921 साली या घोडीवर लिहिले. एरवी तार जिथे छेडावी तिथल्या बिंदूमुळे काही उपस्वर उमटू नयेत असा नियम. तानपुऱ्यात तेही ऐकू येतात, हे त्यांनी दाखवले. मिरजेत राहिलेले अब्दुल करीम खाँसाहेब गाण्याइतकेच वाद्यदुरुस्तीतही तरबेज होते. या गावच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळाले.

म्हणजे तार धातूला किंवा हाडाला टेकली, एवढ्याने दोष होत नाही. ती कुणी ठरवलेल्या जागी टेकते की अडखळते, यावर सारे अवलंबून. ती जागा शोधण्याचे काम कानाचे. कानशीची पाळी त्यानंतर.

कपाटावरची गिटार या रविवारी खाली काढून पाहायला हरकत नाही. जुने कार्ड, व्हिजिटिंग कार्ड आणि अर्धा तास एवढेच भांडवल लागेल. कदाचित दोष निघणार नाही आणि रियाजच कमी पडला असे ठरेल. तेही कळलेले बरे. पण एखादा फ्रेट डुगडुगला, तर तो मुलाला शेजारी बसवून दाखवावा. आपली बोटे ठीक आहेत, हे त्याला इतक्या स्पष्टपणे दुसरे कुणी सांगू शकणार नाही.