अपस्मार व मेंदूतील शोथ : कृमिकोशाच्या निमित्ताने

अपस्मार म्हणजे मेंदूतील विद्युत्क्रियेचा क्षणिक गोंधळ, हे सर्वज्ञात आहे. हा गोंधळ मुळात का माजतो, याचे एक उत्तर गेल्या काही दशकांत शोथाच्या दिशेने मिळत गेले. मेंदूस इजा वा जंतुसंसर्ग झाला की तेथील मायक्रोग्लिया व अ‍ॅस्ट्रोसाइट या पेशी इंटरल्यूकिन-१ बीटासारखी द्रव्ये स्रवतात. त्यामुळे चेतापेशी अधिक उत्तेजनशील होतात, रक्त व मेंदू यांमधील संरक्षक अडसर सैल होतो. झटका आला की तो पुन्हा शोथ वाढवितो. मिलान येथील अ‍ॅनामारिया वेझ्झानी यांच्या प्राणिप्रयोगांनी हे दुष्टचक्र बरेच उलगडले. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात प्रतिकारयंत्रणेच्या बिघाडास अपस्माराचे स्वतंत्र कारण म्हणून स्थान मिळाले. अर्थात प्रत्येक अपस्मार शोथजन्य नसतो. आनुवंशिक कारणेही आहेतच.

आपल्या देशात या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे मेंदूतील कृमिकोश, अर्थात न्यूरोसिस्टिसरकोसिस. टीनिया सोलियम या पट्टकृमीची अंडी दूषित अन्नपाण्यावाटे पोटात जातात व त्यांतून निघालेल्या अळ्या रक्तावाटे मेंदूत पोहोचतात. कच्चे राहिलेले डुकराचे मांस खाल्ल्याने आतड्यात पट्टकृमी होतो. मेंदूतील कोश मात्र अंड्यांपासून होतात. म्हणून शुद्ध शाकाहारी रुग्णातही ते आढळतात, हे आप्तांना समजावून सांगावे लागते.

जिवंत कोश शरीराच्या प्रतिकारास चकवून वर्षानुवर्षे निमूट राहू शकतो. तो मरू लागला की त्याचा चकवा संपतो, भोवती शोथ व सूज येते, आणि बहुधा तेव्हाच पहिला झटका येतो. सीटी स्कॅनमध्ये दिसणाऱ्या अशा लहान, एकट्या गाठी पूर्वी क्षयाच्या समजून रुग्णास दीर्घकाळ क्षयाची औषधे दिली जात. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील चांडी व राजशेखर यांच्या कार्याने त्यांपैकी बहुतेक कृमिजन्य असल्याचे दिसून आले.

येथे औषधविक्रेत्यांचा संबंध येतो. जंतांमुळे आकडी येते, ही घरोघरची समजूत. आकडी येऊन गेलेल्या मुलासाठी पालक दुकानात येऊन जंताचे औषध मागतात आणि अल्बेंडाझोल सहज हाती पडते. मेंदूत कोश असतील तर ते एकदम मरून शोथ भडकू शकतो; कोश पुष्कळ व सूज मोठी असल्यास जिवावर बेतते. म्हणूनच कृमिघ्न औषध स्कॅननंतर, स्टेरॉइडच्या आवरणाखाली व तज्ज्ञांच्या देखरेखीत देतात. २०२१ च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांतही कृमिघ्नासोबत स्टेरॉइड सांगितले आहे. आकडीचा इतिहास ऐकताच गोळी न देता रुग्णास तपासणीस धाडावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. शाळांतून निरोगी मुलांना मिळणाऱ्या एका मात्रेविषयी मात्र विनाकारण भीती पसरवू नये.

वैद्यबंधूंनाही एक सांगणे आहे. चरकाने चिकित्सास्थानात अपस्मार व विमानस्थानात कृमी यांचे सविस्तर विवेचन केले आहे. परंतु शोथाचा शोध म्हणजे पित्तज अपस्मारच, असे सरळ समीकरण मांडणे आम्हांस घाईचे वाटते. त्याहून तातडीचा प्रश्न औषधांच्या परस्परसंबंधाचा आहे. शंखपुष्पीचा कल्प सुरू केल्यावर फेनिटॉइन घेणाऱ्या रुग्णांचे झटके पुन्हा उद्भवल्याचा वृत्तान्त १९९२ साली प्रसिद्ध झाला. उंदरांवरील प्रयोगात त्या कल्पाने फेनिटॉइनची रक्तातील पातळी घटल्याचे दिसले. उलट त्रिकटूतील पिपरीनने ती वाढू शकते. चालू औषध अकस्मात बंद केल्यास न थांबणारे झटके येण्याचा धोका असतो. तेव्हा रुग्णाच्या हातातील पूर्वीची चिठ्ठी वाचल्याखेरीज कोणताही मेध्य कल्प लिहू नये, आणि चिठ्ठीत फेनिटॉइन दिसल्यास ते लिहून देणाऱ्या चिकित्सकास आधी दूरध्वनी करावा.