ख्रिस्तविरोधक कोण?

‘ख्रिस्तविरोधक’ म्हटले की एक अक्राळविक्राळ राक्षस डोळ्यांपुढे उभा राहतो. जगाच्या अंती तो प्रकट होईल आणि ६६६ हा त्याचा आकडा असेल, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आम्ही कामगारांत वावरणारे. ख्रिस्ती कामगार बंधूंच्या तोंडून ही चर्चा ऐकली, म्हणून मराठी पवित्र शास्त्रच उघडले.

पाहतो तो काय, ज्या ‘प्रकटीकरण’ ग्रंथावर या समजुतीचा भार आहे, त्यात हा शब्द एकदाही नाही! तो येतो योहानाच्या पहिल्या व दुसऱ्या पत्रांत. तेथे असे पुष्कळ विरोधक आताच उठले आहेत, असे सांगितले आहे. आणि ते मंडळीतूनच फुटून निघालेले आहेत. ख्रिस्त देह धारण करून आला, हे जो नाकारतो त्याला योहान हे नाव देतो.

प्रकटीकरणात आहे ते सात डोकी व दहा शिंगे असलेले श्वापद. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस, रोमी सत्तेखाली हा ग्रंथ लिहिला गेला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. बादशहाचे नाव उघड घेणे धोक्याचे. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा आला, तेव्हा राष्ट्रध्वज लावणेही गुन्हा ठरले होते. त्यामुळे ही अडचण सोलापूरकरांस फोडून सांगावयास नको. हिब्रूत अक्षरांना अंकांचे मोल असते. त्या लिपीत ‘नेरोन कैसर’ लिहून बेरीज केली की ६६६ येतात. शेवटचा ‘न’ गाळला, तर ५० वजा होऊन ६१६ उरतात. आणि काही जुन्या हस्तलिखितांत ६१६ हाच आकडा आहे! इ. स. ६४ च्या रोममधील आगीनंतर ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा तो हाच नीरो.

पुढे मात्र या आकड्याचे हत्यार झाले. ल्यूथरने पोपच्या गादीला ख्रिस्तविरोधक ठरविले. नेपोलियन व हिटलर यांवरही हा शिक्का बसला. ज्याला त्याला आपलाच वैरी त्या आकड्यात सापडतो!

आमचे लक्ष वेधले ते दुसऱ्याच ओळींनी. उजव्या हातावर किंवा कपाळावर श्वापदाची खूण असल्यावाचून कोणाला विकत घेता येणार नाही की विकता येणार नाही, असे तेथे म्हटले आहे. म्हणजे ही सत्ता माणसाच्या भाकरीवर हात ठेवते. आमच्या सोलापुरात सेटलमेंट होती. ‘गुन्हेगार जमात’ हा शिक्का जन्मतःच कपाळी बसलेली माणसे तेथे तारेच्या कुंपणात राहिली. हजेरी दिल्यावाचून त्यांची सुटका नसे. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. त्या शिक्क्यामागे कोणी शिंगे असलेला राक्षस नव्हता. कायदा होता, नोंदवही होती आणि नोंद करणारे हात होते.

कलियुगाच्या अंती कल्की येणार, म्हणून सावकार आज व्याज सोडीत नाही. तसेच अंतकाळच्या राक्षसाची वाट पाहत बसल्याने आजचा जुलूम थांबत नाही. आमच्या या शहरात तेलुगू, कानडी, उर्दू, मराठी बोलणारे एकाच मागावर पाळ्या करीत आले. उद्या कोणी आकडेमोड करून शेजाऱ्याच्या कपाळी श्वापदाची खूण दाखवू लागला, तर त्याला एवढेच विचारा: बाबा रे, येथे भाकरी कोण कोणाची अडवितो आहे, ते आधी सांग.