स्वमग्न बालक आणि घरातील प्राणी : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात

स्वमग्नता ही मेंदूच्या विकासाशी निगडित अवस्था असून दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये तिचा समावेश आहे. माणसाचा चेहरा, स्वर व शब्द यांचा एकत्रित अर्थ लावणे अशा बालकास अनेकदा कठीण जाते. प्राण्याची देहबोली त्यामानाने सरळ असते. मरीन ग्रांजॉर्ज व सहकाऱ्यांनी फ्रान्समध्ये केलेल्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वयाच्या पाचव्या वर्षानंतर घरी प्राणी आलेल्या बालकांत वस्तू वाटून घेणे व दुसऱ्यास धीर देणे ही वर्तने वाढलेली दिसली. जन्मापासूनच घरात प्राणी असलेल्यांत मात्र असा फरक आढळला नाही. प्राणी असण्यापेक्षा त्याचे येणे महत्त्वाचे ठरले, असे म्हणता येईल.

धाराशिवच्या ग्रामीण घरात कुत्र्याइतकीच उस्मानाबादी शेळीही निकटची असते. ही शेळी बहुधा जुळी करडे देते. त्यामुळे दावणीला नवे करडू येतच राहते. संशोधकांच्या कल्पनेत नसलेली ही अनुकूलताच होय. परंतु शेळी हे कुटुंबाचे नगद धनही आहे. अडचणीत ती बाजारात जाते आणि ठरलेल्या दिनक्रमावर विसंबणाऱ्या बालकासमोर रिकामे दावे उरते. अशा घराने शक्यतो एक शेळी विक्रीतून वगळावी. ते न जमल्यास तिचे जाणे काही दिवस आधीपासून चित्रांद्वारे दाखवावे.