कोलकात्याच्या वस्तीतून जगाला मिळालेली लस

तुमच्या गावाच्या वेशीवर मरीआईचे देऊळ आहे का? पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ आली की आपले पूर्वज तिलाच साकडे घालत. बंगालमध्ये याच भीतीपोटी ओलाबीबीची पूजा होई. त्याच बंगालच्या कोलकात्यात या आजारावरची स्वस्त लस पारखली गेली.

हे नाते जुने आहे. १८८४ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी पटकीच्या जंतूंचा शोध इथेच पक्का केला. १८९४ मध्ये हाफकिन यांनी इथल्या वस्त्यांत लस टोचली. होय, परळच्या संस्थेला ज्यांचे नाव आहे, तेच हे हाफकिन!

पैसा कोणी घातला?

पटकी हा गरिबांचा आजार. ज्यांच्या खिशात पैसा नाही, त्यांच्यासाठी लस कोण बनवणार? इथे भागीदारी कामाला आली. व्हिएतनामकडे तोंडाने घ्यायची लस होती. दक्षिण कोरियातील आंतरराष्ट्रीय लस संस्थेने ती सुधारली. गेट्स फाउंडेशनने पैसा दिला. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्स या खासगी कंपनीने लस तयार केली आणि कोलकात्यातील ‘नाइसेड’ या सरकारी संस्थेने चाचणीचे काम केले.

२००६ मध्ये झोपडवस्तीतल्या सुमारे ६७ हजार लोकांनी दोन-दोन डोस घेतले. साधारण निम्म्यांना खरी लस मिळाली, बाकीच्यांना तुलनेसाठी लस नसलेला डोस. पाच वर्षांच्या पाहणीत लशीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे दिसले. २००९ मध्ये भारतात परवाना आणि २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. २०१३ मध्ये साथींसाठी जागतिक साठा उभा राहिला. त्याचा खर्च पुढे ‘गावी’ या जागतिक लस आघाडीने उचलला.

मग अडले कुठे?

साथी वाढल्या, पण लस बनवणारे मोजकेच. ऑक्टोबर २०२२ पासून साथीत दोनऐवजी एकच डोस द्यावा लागला. त्यातच शांता विकत घेतलेल्या सनोफी कंपनीने ही लस बनवणे बंद केले. २०२४ मध्ये भारत बायोटेकने आपली ‘हिलकॉल’ ही लस आणली, ही दिलाशाची गोष्ट.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. भागीदारीने लस तयार होते, पण ती पुढेही मिळत राहावी यासाठी खरेदीची हमी आणि एकाहून अधिक उत्पादक लागतात. ज्या वस्तीने चाचणीसाठी हात पुढे केला, तशाच वस्त्यांना टंचाईची झळ आधी बसते.

घरी एवढे लक्षात ठेवा

• जुलाब सुरू होताच ओआरएस द्या. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. चमचा चहाचा घ्या.
• १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी अशाच मीठ-ग्लुकोजच्या पाण्याने असंख्य जीव वाचवले.
• भाताच्या पेजेसारखे पांढरट जुलाब होत असतील किंवा रुग्ण मलूल पडला असेल, तर पाणी पाजत पाजतच दवाखाना गाठा.