पाण्यातल्या म्हशीचे मोल : जुनी विजेची मोटारसायकल घेताना

विजेवर चालणाऱ्या मोटारसायकली व स्कूटर रस्त्यावर दिसू लागल्या त्याला आता काही वर्षे झाली. सुरुवातीला विकल्या गेलेल्या गाड्या आता हात बदलू लागल्या आहेत. बेकरीचा माल पोहोचवणारे, औषधांची खोकी ने-आण करणारे, घरोघरी जेवण देणारे असे आपले अनेक तरुण या जुन्या गाड्यांकडे आशेने पाहत आहेत. नवी गाडी लाखाच्या पुढे जाते, जुनी निम्म्या पैशांत मिळते आणि पेट्रोलचा रोजचा खर्च वाचतो, असा त्यांचा साधा हिशेब असतो. हिशेब चुकीचा नाही. परंतु पेट्रोलची जुनी गाडी पारखणारा मिस्त्री प्रत्येक नाक्यावर भेटतो. तो इंजिनाचा आवाज ऐकतो, धूर पाहतो आणि दोन मिनिटांत निकाल देतो. विजेच्या गाडीला ना आवाज, ना धूर. तिचा खरा जीव एका बंद पेटीत असतो आणि त्या पेटीबद्दल जे काही कळायचे ते डॅशबोर्डच्या छोट्या पडद्यावरून. पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल अशातला हा प्रकार आहे.

आमच्या भाच्यावर हाच प्रसंग आला. तो भिवंडीत एका बेकरीचे पाव, बटर व खारी टपऱ्यांवर पोहोचवतो. रोजची फेरी ५५ किलोमीटरची, म्हणजे सव्वा लिटरच्या आसपास पेट्रोल. भिशीचे पैसे हातात आले होते आणि कल्याणला एक विजेची मोटारसायकल ६५ हजारांना विकायला होती. “मामू, एकदा तुम्ही येऊन बघा,” असा त्याने आग्रह धरला. आम्ही काही या विषयातले पंडित नव्हे. पण पैसे देण्याआधी चार दिवस विचारपूस केली, वाचले, आणि जे कळले ते येथे देत आहोत. गाडी कोणत्या कंपनीची होती हे सांगत नाही, कारण त्यात कंपनीचा दोष नव्हता.

विकणारे गृहस्थ वयस्कर व सरळ होते. गाडी त्यांच्या मुलाची. मुलगा नोकरीसाठी आखातात गेला आणि गाडी पाच महिने जिन्याखाली उभी राहिली. आम्ही पोहोचलो तेव्हा पडद्यावर बॅटरी १०० टक्के, पुढे जाण्याचे अंतर ९० किलोमीटर आणि एकूण धाव २१ हजार किलोमीटर असे आकडे होते. चाचांनी अभिमानाने १०० कडे बोट दाखवले. भाच्याचे डोळे चमकले. गैरसमजाची सुरुवात नेमकी येथेच होते.

हा १०० चा आकडा म्हणजे भांडे भरलेले आहे एवढीच बातमी. भांडे केवढे आहे हे तो सांगत नाही. नवी असताना तीन युनिट वीज मावणाऱ्या बॅटरीत झीज होऊन आता दोनच युनिट मावत असतील, तरी ती दोन युनिट भरली की पडद्यावर १०० च दिसणार. बॅटरी किती भरली आहे ही एक गोष्ट आणि बॅटरीची तब्येत कशी आहे ही दुसरी. पहिली पडद्यावर ठळक दिसते. दुसरी बहुतेक गाड्यांत पडद्यावर नसतेच. कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात संगणक जोडला की ती कळू शकते, आणि तसा अहवाल कुणी देत असेल तर तो अवश्य मागावा.

पुढे जाण्याच्या अंतराचा आकडा तर निव्वळ अंदाज असतो. गाडी कोणत्या मोडवर आहे आणि मागचे काही किलोमीटर कशी चालली, यावरून तो बांधला जातो. ऑगस्ट २०१९ मध्ये बाजारात आलेल्या रिव्होल्ट आरव्ही ४०० चे उदाहरण घ्या. तिची बॅटरी ७२ व्होल्टची, ३.२४ युनिट क्षमतेची. कंपनीने एका चार्जमध्ये इको मोडवर १५०, नॉर्मलवर १०० आणि स्पोर्टवर ८० किलोमीटर असे आकडे सांगितले होते. बॅटरी तीच, अंतरे तीन. पुण्याच्या टॉर्क कंपनीने जानेवारी २०२२ मध्ये आणलेल्या क्रॅटोसबाबतही चाचणीतले १८० आणि रस्त्यावरचे १२० किलोमीटर असे दोन आकडे कंपनीनेच दिले होते. म्हणून विकणारा अंतर सांगू लागला की आधी पडद्याच्या कोपऱ्यात मोड कोणता लागला आहे ते पाहावे. चाचांच्या गाडीत तो इको होता. मोड बदलताच ९० चे ६४ झाले.

आता पेटीच्या आत काय असते ते थोडक्यात पाहू. लिथियम बॅटरीत लहान लहान सेल असतात. निकेल-मँगनीज-कोबाल्ट जातीचा सेल सरासरी ३.६ व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचा. असे २० कप्पे एकामागे एक जोडले की ७२ व्होल्ट होतात आणि भरल्यावर ८४. लोह-फॉस्फेट नावाची दुसरी जात आहे, तिचा सेल ३.२ व्होल्टचा आणि भरल्यावर ३.६५ चा. ही जात अधिक टिकाऊ व उष्णतेला अधिक सोशिक मानली जाते. दोघींचे चार्जर वेगळे असतात, म्हणून गाडीबरोबर मूळ चार्जर मिळतो की बाजारातला, हे विचारलेच पाहिजे. पेटीतच एक इलेक्ट्रॉनिक मुनीमही बसलेला असतो. त्याला बी.एम.एस. म्हणतात. तो प्रत्येक कप्प्याचा व्होल्ट आणि पेटीचे तापमान यांवर नजर ठेवतो. एखादा कप्पा धोक्याच्या पातळीपर्यंत रिकामा झाला की बाकीच्या एकोणीस कप्प्यांत वीज शिल्लक असली तरी हा मुनीम गल्ला बंद करतो. म्हणजे सर्वांत कमजोर कप्पा ठरवतो की गाडी कुठे थांबणार.

झीज कशाने होते? वापराने होते, पण नुसत्या वयानेही होते. उन्हाने होते. पूर्ण भरून तशीच ठेवल्याने होते, आणि पूर्ण रिकामी करून महिनोन्महिने ठेवल्याने तर फारच होते. त्यामुळे कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी हा पेट्रोलच्या जमान्यातला ठोकताळा येथे लागू पडत नाही. चाचांच्या गाडीची २१ हजार किलोमीटरची धाव आम्हाला खटकली नाही. जिन्याखालचे पाच महिने खटकले.

तेव्हा आम्ही दोन हजार रुपये इसार देऊन गाडी दोन दिवसांसाठी मागितली. चाचांनी खळखळ न करता दिली. विजेच्या सामानाच्या दुकानातून प्लगमध्ये बसणारे छोटे मीटर आणले. माणसाला ताप आला की थर्मामीटर लावतो, तसे या गाडीला हे मीटर लावावे. भिवंडीत युनिटचा हिशेब कुणाला शिकवावा लागत नाही. मागावर वाढलेला माणूस बिलाचे आकडे तोंडपाठ सांगतो.

भाच्याने सकाळी १०० टक्क्यांवर गाडी काढली, नेहमीचे क्रेट बांधले आणि नेहमीच्याच रस्त्याने फेरी सुरू केली. माल न लादता, सपाट रस्त्यावर सावकाश चालवून घेतलेली परीक्षा धंद्याच्या उपयोगाची नाही. दर दहा टक्क्यांना किती किलोमीटर झाले ते तो कागदावर लिहीत गेला. पहिल्या दहा टक्क्यांत सात किलोमीटर झाले, शेवटच्या दहात जेमतेम पाच. वीस टक्क्यांवर तो परतला तेव्हा एकूण ४८ किलोमीटर झाले होते. वाटेत त्याला आणखी एक गोष्ट दिसली. आकडा २७ असताना उड्डाणपुलावर चढताना तो एकदम २१ वर उतरला आणि पुलाखाली सिग्नलला थांबल्यावर पुन्हा २४ झाला. “मामू, वीज परत कुठून आली?” असे त्याने विचारले. वीज परत आली नव्हती. खालच्या मजल्यावर कुणी नळ सोडला की वरच्या मजल्यावरची धार बारीक होते, आणि तो बंद केला की पुन्हा मोठी होते, तसा हा प्रकार आहे. मोटारने जोर मागितला की बॅटरीचा व्होल्ट दबतो. थोडा दबणे नैसर्गिक आहे. परंतु आकडा असा उड्या मारू लागला तर सेल थकले आहेत किंवा एखादा कप्पा मागे पडतो आहे असे समजावे.

मग चार्जिंग. वीस टक्क्यांपासून शंभरपर्यंत भरताना भिंतीवरच्या मीटरने दोन युनिट दाखवले. गाडीच्या कागदावर बॅटरीची क्षमता तीन युनिटची होती. तिच्या ८० टक्क्यांना २.४ युनिट लागायला हवेत. चार्जरच्या उष्णतेत शेकडा दहा ते पंधरा भाग जातात, ते धरले तर भिंतीतून सुमारे पावणेतीन युनिट जायला हवे होते. पावणेतीनच्या जागी दोन गेले. याचा अर्थ रुपयातले चार आणे आणि वर थोडे अधिकच झिजून गेले होते. दुसऱ्या दिवशी तीच परीक्षा पुन्हा केली. फरक नगण्य होता. एका दिवसाच्या आकड्यावर सौदा ठरवू नये, कारण पडद्यावरचा टक्का स्वतःच चुकत असू शकतो.

आता चित्र स्वच्छ झाले. गाडी लादलेल्या मालासह पूर्ण चार्जमध्ये फार तर ६० किलोमीटर जाणार, भाच्याची फेरी ५५ ची. आज जेमतेम पुरते, उद्या पुरणार नाही. नव्या बॅटरीचा भाव विचारला, तर तो मागितलेल्या किमतीपेक्षा फारसा कमी नव्हता. आम्ही कागदावरचे सर्व आकडे चाचांसमोर ठेवले. ते चकित झाले. त्यांना खरोखरच कल्पना नव्हती. शंभर टक्के दिसते म्हणजे शंभर टक्के असते, असेच ते धरून चालले होते.

कागदपत्रांविषयी. पेट्रोलच्या गाडीप्रमाणेच नावावर करण्यासाठी फॉर्म २९ व ३० लागतात. कर्जावर घेतलेली असेल तर फॉर्म ३५ आणि वित्तसंस्थेचा नाहरकत दाखला लागतो. पी.यू.सी. मात्र लागत नाही. हे सर्वांना ठाऊक असते. जे विसरले जाते ते असे की बॅटरीलाही अनुक्रमांक असतो. जी बॅटरी काढता येते ती बदलताही येते. पेटीवरचा क्रमांक मूळ कागदांशी आणि कंपनीच्या नोंदीशी जुळवून पाहावा, कारण बॅटरीची हमी त्या क्रमांकाला चिकटलेली असते. हमी नव्या मालकाकडे जाते का, हे दुरुस्ती केंद्राकडून लेखी घ्यावे. उत्पादनाची तारीखही पाहावी. २०२२ मध्ये दुचाक्यांना आगी लागण्याचे प्रकार झाल्यानंतर ए.आय.एस. १५६ या मानकाचे नियम कडक करण्यात आले. ते १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. त्यानंतरच्या बॅटरीला अधिक कठीण परीक्षांतून जावे लागले आहे.

दुसरी विसरली जाणारी बाब मोबाइलची. अशा अनेक गाड्या मोबाइल ॲपशी जोडलेल्या असतात. ॲपवरून गाडी कुठे उभी आहे ते दिसते, काहींत ती कुलूपबंदही करता येते. चाचांच्या गाडीचे खाते आखातातल्या मुलाच्या नंबरवर होते. नाव आर.टी.ओ.त बदलले तरी गाडीची ही दुसरी किल्ली त्याच्याच खिशात राहिली असती. त्याला फोन लावून, ओ.टी.पी. मागवून खाते भाच्याच्या नंबरवर करून घेईपर्यंत आम्ही बाकीची रक्कम दिली नाही. या कामाला तीन दिवस लागले, कारण त्याची पाळी रात्रीची होती.

डॅशबोर्डची ओळख होण्यास भाच्याला आठवडा लागला. किल्ली फिरवल्यावर इंजिन सुरू झाल्याचा आवाज होत नाही, म्हणून पडद्यावर गाडी तयार असल्याची खूण आली की नाही हे पाहण्याची सवय लावावी लागते. टपरीसमोर गाडी तशीच चालू ठेवून क्रेट उतरवताना हात मुठीवर पडला आणि गाडी उडी मारून पुढे गेली, असे त्याचे दुसऱ्याच दिवशी झाले. चार पाव सांडले, एवढ्यावर निभावले. आता तो थांबला की आधी गाडी बंद करतो. तापमानाची खूण पेटली तर वेग कमी करावा आणि परतल्यावर लगेच चार्जरला न लावता अर्धा-पाऊण तास पेटी निवू द्यावी. चार्जरचा भार इस्त्रीएवढाच, पण तो चार-पाच तास सलग असतो. ढिल्या सॉकेटवर किंवा लांबवलेल्या बारीक वायरवर चार्जर लावू नये, अर्थिंग तपासून घ्यावे. आणि घरातून बाहेर पडण्याच्या एकमेव दारात किंवा जिन्याखाली रात्रभर चार्जिंग कधीही करू नये. चाळीत जागेची अडचण असते हे आम्ही जाणतो, तरीही.

सौदा शेवटी ४२ हजारांवर तुटला. भाच्याने बेकरीच्या मालकाला सांगून फेरीचे दोन भाग केले आहेत. पहाटे ३० किलोमीटर, मग दुपारी भट्टी निवते तेव्हा बेकरीच्याच ओट्यावर दोन तास चार्जिंग, आणि संध्याकाळी उरलेले २५. रोजची सव्वादोन-अडीच युनिट वीज तो मालकाला महिन्याच्या शेवटी हिशेबाने देतो. प्लगमधले ते मीटर अजून तिथेच लावलेले आहे.