मीठ, साखर आणि लेकराचा जीव

पावसाळ्यात वस्तीत जुलाब-उलट्या सुरू होतात, आणि काही घरांत अजूनही लेकराचे पाणी तोडतात. माताभगिनींनो, हे फार घातक आहे. जुलाबात पाण्याबरोबर शरीरातले मीठही जाते. वाणिज्य शाखेच्या माणसालाही कळावा असा हा जमाखर्च आहे.

मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोरिन. सुटा सोडियम पाण्यात टाकला तर पेट घेतो. सुटा क्लोरिन विषारी वायू. दोघांचा संयोग झाला की जेवणातले मीठ! ते पाण्यात विरघळले की विद्युतभारित कण सुटे होतात, त्यांना आयन म्हणतात. आपली साखर आतड्यात फुटून तिच्यापासून ग्लुकोज मिळते. आतड्याच्या पेशींना एक दार असे आहे की, सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आले तरच ते आत घेते. मागोमाग पाणी जाते. जुलाबातही हे दार चालू असते. म्हणून नुसते पाणी पुरत नाही.

1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांत पटकी पसरली. बनगावला सलाइन अपुरे पडले, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी हेच पाणी पिंपांतून वाटले. मृत्यूचे प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांखाली आले.

सरकारी दवाखान्यात ओ.आर.एस.ची पुडी मिळते. नसेल तर उकळून गार केलेल्या 1 लिटर पाण्यात चहाच्या चमच्याने सपाट 6 चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चव अश्रूंहून खारट नको. जादा मीठ पेशींतलेच पाणी ओढते. अंगावरचे दूध चालू ठेवावे. डोळे खोल गेले, लघवी थांबली, मूल निपचित पडले तर तडक दवाखाना गाठावा.