कोळशातली मोकळी जागा

खाडीकडून वारा सुटला की कांजूरमार्गला डम्पिंगचा वास येतो, हे हॉस्टेलवाल्यांना वेगळं सांगायला नको. अशाच एका रात्री कुणीतरी म्हणालं, "खोलीत कोळसा ठेवा, वास ओढून घेतो." इस्त्रीवाल्याकडून कोळसा आला, वाटीत ठेवला, पण वास काही हटला नाही. मग प्रश्न पडला, वॉटर फिल्टरमधला कोळसा वास घालवतो, तर हा का नाही?

उत्तर आहे मोकळ्या जागेत.

नारळाची करवंटी, लाकूड, उसाचं पाचट हे सगळं मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. हवा न लागू देता ते 400 ते 600 अंश सेल्सिअसला तापवलं की पाणी, वायू आणि डांबरासारखे पदार्थ निघून जातात आणि कार्बनचा सांगाडा उरतो. हाच साधा कोळसा. पुण्याच्या 'आरती' या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने शेतात जाळून टाकल्या जाणाऱ्या पाचटाचा असा कोळसा करून दाखवला. बंद पिंपात पाचट भरायचं, खाली जाळ करायचा आणि पाचटातून निघणारा वायूच पुढे इंधन म्हणून वापरायचा. या कामाला 2002 साली अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. पण तो कोळसा चुलीसाठी. त्यात छिद्रं कमी, आणि असतात तीही डांबराने बुजलेली.

खरी गंमत दुसऱ्या पायरीत आहे. हाच कोळसा 800 ते 1000 अंशांवर नेऊन त्यावरून वाफ सोडतात. वाफ कार्बनचा एकेक अणू उचलते, त्याचा कार्बन मोनॉक्साइड होतो, हायड्रोजन सुटतो आणि अणूच्या जागी पोकळी राहते. याला म्हणतात अ‍ॅक्टिव्हेशन. म्हणजे इथे माल खर्च करूनच माल तयार होतो! एक किलो सुक्या करवंटीचा साधारण पाव किलो कोळसा होतो आणि त्यातलाही निम्मा वाफेत गेला, तर हातात सव्वाशे ग्रॅमच येतो. पण त्यातल्या एका ग्रॅमचा आतला पृष्ठभाग 1000 चौरस मीटर भरू शकतो. पुरुषांचं कबड्डीचं मैदान 130 चौरस मीटरचं असतं. म्हणजे चिमूटभर कोळशात सात मैदानं! वासाचे रेणू या भिंतींना चिकटून बसतात.

फॉस्फोरिक आम्ल किंवा पोटॅशियम हायड्रॉक्साइड वापरूनही छिद्रं पाडता येतात, पण नंतर ती रसायनं धुवायची आणि ते पाणी शुद्ध करायचं काम वाढतं. "कचऱ्यापासून कार्बन" असं प्रोजेक्ट घेणाऱ्यांनी हा हिशोब आधी मांडावा.

वनस्पती कुठली, यानेही फरक पडतो. करवंटी घट्ट, म्हणून तिच्यात दोन नॅनोमीटरपेक्षा बारीक छिद्रं भरपूर. लहान रेणूंना ती बरोबर, पण रंगाच्या मोठ्या रेणूंना आत शिरताच येत नाही. तिथे लाकडाचा कार्बन बरा. भाताच्या तुसात सिलिका खूप, ती अल्कलीने काढावी लागते. आपल्या शेजारच्या आयआयटीत प्रा. महेश्वर शरण यांनी कापूर आणि इतर वनस्पतिजन्य पदार्थांपासून नॅनोकार्बन बनवण्यावर काम केलं. तेव्हा कोळसा काळा आहे एवढ्यावर काही ठरत नाही. छिद्रं किती आणि केवढी, ते विचारायचं. आयोडीन नंबर नावाची चाचणी त्याचा अंदाज देते: एक ग्रॅम कार्बन किती मिलिग्रॅम आयोडीन धरतो ते मोजायचं. कॉलेजच्या लॅबमध्येही जमेल.

आणि शेवटचं, आपल्या कूलरबद्दल. मोकळी जागा कधीतरी भरतेच. भरल्यावर कार्बन आवाज करत नाही की रंग बदलत नाही, नुसता काम थांबवतो. शिवाय तो जंतू मारत नाही. उलट पाण्यातलं क्लोरीन काढून घेतो, त्यामुळे जुन्या कार्ट्रिजमध्ये जंतू आरामात वाढू शकतात. म्हणून पुढच्या वेळी बाटली भरताना कार्ट्रिज शेवटचं कधी बदललं, एवढी तारीख बघा. तारीखच लिहिलेली नसेल, तर मेस कमिटीच्या मीटिंगमध्ये पहिला मुद्दा तोच घ्या.